ओसरीवरून : उभ्या गाडीचा उपवास

मागील अंकांत कबूल केल्याप्रमाणें या महिन्यांत पंचांगांतील क्षयतिथि व वृद्धितिथि यांविषयीं लिहावयाचें होतें. परंतु मध्यंतरीं आमच्या घरीं असा एक प्रसंग घडला कीं, तिथींचा हिशेब महिनाभर बाजूस ठेवून एका निराळ्याच हिशेबाविषयीं लिहिणें मला अगत्याचें वाटतें. ज्या घरांत चारपांच कर्तीं माणसें आहेत, दारांत एक मोटार उभी आहे, आणि ती सर्वांची असल्यामुळें कोणाचीच नाहीं, अशा घरांतील वडील मंडळींनीं हा लेख अवश्य वाचावा, अशी विनंती आहे.

आमचें घर पालघर तालुक्यांत दातिवरे येथें, वैतरणा जेथें समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तरेस आहे. खाडीच्या पलीकडे अर्नाळा. रेल्वेचें स्टेशन सफाळें. मोठा दवाखाना पाहिजे असल्यास पालघर गांठावें लागतें. घरांत आम्हां तीन भावांचा एकत्र संसार आहे. ज्येष्ठ बंधूंचा मुलगा मुंबईस नोकरीला. त्यानें तीन वर्षांपूर्वीं एक हायब्रिड मोटार घेतली. यंदा कंपनीनें त्याला वर्षभरासाठीं परदेशीं पाठविलें, तेव्हां गौरीगणपति आटोपल्यावर तो ती मोटार आमच्या खळ्यांत ठेवून, वर ताडपत्री घालून निघून गेला. जातांना म्हणाला, "काका, गाडी घरचीच आहे. लागेल तेव्हां काढा." आम्हींही बरें म्हटलें. पुढें दोन महिने ती कोणास लागली नाहीं, आणि म्हणून ती कोणीं काढलीही नाहीं.

कार्तिकी एकादशीच्या रात्रीं बाराच्या सुमारास ज्येष्ठ वहिनींना धाप लागली. उठवून बसविलें तरी श्वास पुरेना. ओठ काळवंडूं लागले. धाकट्या बंधूंची सून मोटार चांगली चालविते. ती चावी घेऊन खळ्याकडे धांवली. ताडपत्री ओढून काढली, चावीची कळ दाबली, दार उघडेना. त्या चावीच्या पोटांत एक लहानशी धातूची चावी दडविलेली असते. तिनें दार उघडलें, पण आंत ना दिवा, ना आवाज. टांकींत पेट्रोल भरपूर, गाडी अवघी तीन वर्षांची, आणि ती दगडासारखी पडून राहिलेली! अखेर किनाऱ्यावरील एक शेजारी, ज्यांचा टेंपो रोज पहांटे मासळी घेऊन सफाळ्यास जातो, ते हांकेसरशीं आले. टेंपो पहिल्याच किल्लीस सुरू झाला. चालकाच्या शेजारीं वहिनींना टेंकवून बसविलें. बंधु व मी मागें रिकाम्या टोपल्यांत बसलों. ज्या बाईंनीं त्या दिवशीं फळापाण्याखेरीज कांहीं घेतलें नव्हतें, त्या मासळीच्या वासांत पालघरपर्यंत गेल्या आणि वाटेंत एका शब्दानेंही कुरकुरल्या नाहींत. तेथें प्राणवायु लावल्यावर पहांटेस श्वास ताळ्यावर आला.

एवढ्यानें प्रसंग संपला असता तर मीं तो छापण्यास पाठविला नसता. दुसरा अनर्थ दुसऱ्या दिवशीं दुपारीं घडतां घडतां राहिला.

धाकट्या बंधूंचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. आदल्या रात्रीं गाडीनें दगा दिला, हें त्याच्या मनाला फार लागलें होतें. सकाळींच तो बोईसरला गेला आणि मित्राकडून हातांत उचलून नेतां येईल असा एक चार्जर घेऊन आला. मी दवाखान्यांतून परतलों तों मागची बैठक उपसून अंगणांत ठेवलेली, आणि हा बैठकीखालच्या पेटीचें झांकण उघडण्याच्या बेतांत! तेवढ्यांत माझा एक जुना विद्यार्थी वहिनींच्या प्रकृतीची चौकशी करावयास आला. तो गांवांत वायरमनचें काम करतो. पूर्वीं मुंबईंत मोटारींच्या एका कारखान्यांत कांहीं वर्षें होता. त्यानें मुलाचें मनगट धरलें आणि मला म्हणाला, "गुरुजी, याला आधीं बाहेर काढा. ही नारिंगी वायर दिसते ना? हिच्यांत दोनशें व्होल्ट आहेत. गाडी मेली म्हणून ही मेलेली नाहीं."

मी मॅट्रिक झालेला, आयुष्य संस्कृताच्या अध्यापनांत गेलेलें. विजेच्या बाबतींत माझें ज्ञान फ्यूजची तार बदलण्यापलीकडे नाहीं. म्हणून त्या दिवशीं मीं ओसरीवर पाट मांडला, विद्यार्थ्यास झोपाळ्यावर बसविलें, आणि पुतण्यासह त्याच्यापुढें धडा घेतला. पुढें तो धडा पुस्तकांवरून ताडून पाहिला. त्याचेंच सार येथें देतों.

'हायब्रिड' यास मराठींत 'संकरित' म्हणतात. हा शब्द आमच्या घरांत प्रथम आला तो माझ्या लहानपणीं, संकरित ज्वारीच्या भाकरीबरोबर. आजोबांना ती भाकरीही रुचली नाहीं आणि तो शब्दही. पण मोटारींतील हा संकर समजून घेण्यासारखा आहे. तिला पेट्रोलचें इंजिनही असतें आणि विजेची मोटरही. गाडी हालतांना मोटर मदत करते. ब्रेक दाबला किंवा उतार लागला कीं तीच मोटर उलट जनित्र होऊन वीज निर्माण करते, आणि एरवीं जी गति ब्रेकच्या उष्णतेंत वायां गेली असती तिचा कांहीं अंश बॅटरींत परत जमा होतो. कल्पना जुनी आहे; फर्डिनांड पोर्शे यांनीं १९०० च्या सुमारास व्हिएन्ना येथें असें एक वाहन बनविलें होतें. परंतु ती बाजारांत खऱ्या अर्थानें रुजली जपानांत १९९७ सालीं 'प्रियस' निघाल्यापासून. हिंदुस्थानांत २००८ सालीं होंडाची 'सिव्हिक हायब्रिड' आली, २०१० सालीं प्रियस आली, आणि २०२२ सालापासून 'हायरायडर', 'ग्रँड व्हिटारा', 'सिटी', 'इनोव्हा हायक्रॉस' अशा अनेक गाड्यांतून ती मध्यमवर्गाच्या दारापर्यंत पोहोंचली.

आतां मुख्य मुद्दा. अशा गाडींत बॅटऱ्या दोन असतात : एक मोठी व एक लहान. आमच्या घरांत हें कोणासच ठाऊक नव्हतें. मोठी बॅटरी चाकें फिरविणाऱ्या मोटरला वीज पुरविते. प्रियसचें उदाहरण घेऊं. तिच्या त्या पिढीच्या गाडींत निकेल व धातूचें हायड्राइड यांचे १६८ सेल एकामागें एक जोडलेले होते. प्रत्येक सेलचा दाब १.२ व्होल्ट, गुणाकार केला तर २०१.६ व्होल्ट. सांठवण ६.५ अँपियर-तास, म्हणजे एकंदर वीज सुमारें १.३ युनिट. दोन किलोवॅटचा गीझर एवढी वीज चाळीस मिनिटांत संपवील! म्हणजे सांठा अल्प, पण दाब मारक. एकदिश विजेचा दाब ६० व्होल्टच्या वर गेला कीं मोटारींच्या नियमांत तो धोक्याच्या वर्गांत धरतात, आणि त्याच्या तारांना नारिंगी वेष्टन घालतात. ज्या तारेचा रंग नारिंगी, तिला घरच्या माणसानें हात लावूं नये.

लहान बॅटरी ही साध्या मोटारींत असते तीच, १२ व्होल्टची, बहुधा शिसें व तेजाब यांची. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधलेल्या जातीची. हिचें काम दिवे, दारांचीं कुलुपें आणि गाडींतील संगणक जागा ठेवणें हें. मोठ्या बॅटरीचा दरवाजा उघडणारे विद्युत्-खटके या लहान बॅटरीच्याच बळावर चालतात. ती रिकामी झाली कीं मोठी भरलेली असूनही आंत कोंडून राहते. खजिना भरलेला, पण किल्ली ज्या कारकुनाकडे तोच उपाशी झोपलेला, अशी ही स्थिति. आमच्या खळ्यांत त्या रात्रीं नेमकें हेंच झालें होतें.

लहान बॅटरी उपाशी कां पडली, तेंही पाहूं. गाडी कुलूप लावून उभी असली तरी ती पूर्ण झोपत नाहीं. चोरघंटा जागी असते, चावीची हांक ऐकणारें यंत्र जागें असतें, घड्याळ चालूं असतें. यासाठीं एका अँपियरचा पंचविसावा भाग, म्हणजे ०.०४ अँपियर, लागतो असें धरूं. आणि बॅटरी ४० अँपियर-तासांची धरूं. चाळीसास ०.०४ नें भागलें तर एक हजार तास, म्हणजे सुमारें बेचाळीस दिवस. बॅटरी तीन वर्षांची, तिची भूक भागविण्याची शक्ति मुळांतच कमी झालेली. तेव्हां गौरीगणपतीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत ती टिकली नाहीं यांत नवल नाहीं. शिवाय शिशाची बॅटरी बराच काळ रिकामी राहिली कीं तिच्या पट्ट्यांवर कठीण क्षार जमतो आणि ती पुन्हां पूर्ण भरत नाहीं. एका दिवसाच्या उपवासानें जिव्हा शुद्ध होते म्हणतात. बॅटरीच्या उपवासास असें कांहीं पुण्य नाहीं.

यावर उपाय म्हणून जीं हातीं नेतां येण्याजोगीं उपकरणें मिळतात, तीं चार प्रकारचीं आहेत, आणि त्यांची गल्लत करणें हेंच संकटाचें मूळ आहे.

पहिलें, 'जंप स्टार्टर'. हा पाठ्यपुस्तकाएवढा डबा. त्याला लाल व काळा असे दोन चिमटे असतात. साध्या गाडीचें इंजिन फिरवावयास मोठा प्रवाह लागतो. पण पूर्ण हायब्रिड गाडींत इंजिन फिरविण्याचें काम मोठी बॅटरी करते, म्हणून येथें फक्त संगणकास जागें करण्यापुरती वीज पुरते. लाल चिमटा धन टोंकास, काळा चिमटा बॅटरीपासून दूर अशा उघड्या धातूस लावावा. काढतांना उलट क्रम. लहान बॅटरी पुष्कळ गाड्यांत मागच्या डिकींत किंवा बैठकीखालीं असते. तरी चिमटे लावण्याची जागा बॉनेटखालींही दिलेली असते. ती गाडीच्या पुस्तकांत पाहून ठेवावी. मात्र हा डबाही पडून राहिला कीं उतरतो. त्याला दर दोनतीन महिन्यांनीं भरावें लागतें.

दुसरें, १२ व्होल्टचा घरगुती चार्जर. हा भिंतीवरच्या प्लगला लावतात. चारपांच अँपियरचा असला तर रिकामी बॅटरी आठदहा तासांत भरतो, आणि चांगला असेल तर भरल्यावर स्वतःच प्रवाह आंखडता घेतो. एका वेळेस लागणारी वीज अर्ध्या युनिटाच्या आसपास. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर हा लावून ठेवणें उत्तम. जागा हवेशीर असावी, कारण शिशाच्या बॅटरींतून भरतांना ज्वालाग्राही वायु सुटूं शकतो. जवळ निरांजन किंवा उदबत्तीही नको.

तिसरें उपकरण तें, जें आमच्या पुतण्यानें आणलें. हें मोठ्या निकेलच्या बॅटरीसाठीं असतें. तिचे १६८ सेल म्हणजे एक वर्गच समजा. गाडी उभी राहिली कीं प्रत्येक सेल आपोआप थोडाथोडा उतरतो, पण सगळे सारख्या गतीनें नाहींत. कांहीं मागें पडतात. मग सर्व वर्गाची गति सर्वांत मागच्या मुलावर येऊन ठरते. हा चार्जर एका अँपियरच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाएवढा मंद प्रवाह रात्रभर आणि त्याहूनही अधिक वेळ सोडीत राहतो. भरलेले सेल जादा वीज उष्णतेच्या रूपानें टाकतात, आणि मागें पडलेले हळूहळू बरोबरीस येतात. तेवढा वेळ पेटीचा पंखा चालूं ठेवावा लागतो. परदेशांत कित्येक लोक हा उपचार करतात व त्यानें जुन्या बॅटऱ्या सुधारतातही. परंतु तारा जोडण्यासाठीं पेटी उघडावी लागते, आणि तें काम एक हजार व्होल्टच्या कसोटीचे रबरी हातमोजे घालून, सुरक्षेचा खटका काढून, आंतील सांठलेला भार उतरेपर्यंत थांबून, शिकलेल्या माणसानेंच करावयाचें आहे. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची : हा उपचार निकेलच्या बॅटरीचा आहे. लिथियमचा सेल जादा वीज अशी सोशीत नाहीं. त्याला आग लागते. इनोव्हा हायक्रॉसची बॅटरी निकेलची आहे, हायरायडरची लिथियमची. दोन्हींवर एकाच कंपनीचें चिन्ह. बाहेरून पाहून हा भेद कळत नाहीं. आमच्या पुतण्यानें तो विचारलाही नव्हता.

चौथें उपकरण म्हणजे 'प्लग-इन' जातीच्या गाडीबरोबर येणारी केबल. या जातीची मोठी बॅटरी घरच्या विजेवर भरतां येते. ही कल्पना आपल्या महाराष्ट्रांत फार पूर्वीं येऊन गेली. पुण्याच्या के. पी. आय. टी. कमिन्स या कंपनीनें २०१० सालीं 'रेव्होलो' नांवाचें यंत्र जाहीर केलें, आणि तें काढण्यासाठीं भारत फोर्जशीं भागीदारी केली. जुन्या पेट्रोलच्या मोटारीस मोटर व बॅटऱ्या बसवून तिला हायब्रिड करावयाचें, आणि रात्रीं घरच्या साध्या प्लगवर ती भरावयाची, अशी ती योजना होती. जुन्या गाडीस असें यंत्र बसविण्याचे नियम सरकारनें केले ते २०१६ सालीं. योजना मात्र घरोघर पोहोंचली नाहीं. आज विजेवरील मोटारी वाढल्यामुळें तशाच केबली खेडोपाडीं दिसूं लागल्या आहेत. त्यांविषयीं एकच सांगतों. केबलीच्या मध्यें जी पेटी असते ती वीज सोडण्यापूर्वीं घराचें अर्थिंग तपासते. आमच्यासारख्या जुन्या घरांत तिसऱ्या भोकांत कित्येकदां तारच नसते. असली तरी समुद्रकांठच्या कोरड्या वाळूंत पुरलेला पत्रा उन्हाळ्यांत निकामी होतो. कोळसा व मीठ घालून केलेल्या त्या खड्ड्यांत म्हणूनच पाणी घालीत राहावें लागतें. पेटीवर तांबडा दिवा लागला तर लोक पेटीस दोष देतात आणि मधें दुसरा प्लग घालून तिला फसवितात. ती फसते, वीज फसत नाहीं. सोळा अँपियरचा स्वतंत्र प्लग, चांगलें अर्थिंग, आणि ३० मिलिअँपियरची गळती होतांच वीज तोडणारा खटका, एवढें झाल्यावांचून असली केबल घरांत लावूं नये.

आमची गाडी प्लग-इन जातीची नव्हती. तिच्या मोठ्या बॅटरीस घरच्या विजेची गरजही नव्हती आणि वाटही नव्हती. तिचें अन्न म्हणजे चालणें. माझ्या विद्यार्थ्यानें जंप स्टार्टर आणून बॉनेटखालीं लावला, आणि दोन मिनिटांत 'तयार' असा हिरवा दिवा लागला. पुतण्या ओशाळून म्हणाला, "म्हणजे रात्रींच हें एवढेंच करावयाचें होतें?" विद्यार्थी म्हणाला, "रात्रीं नाहीं. महिन्यापूर्वीं." मग तो त्याला शेजारीं बसवून गाडी केळव्यापर्यंत नेऊन आला.

हें सर्व ऐकल्यावर दोष उपकरणांच्या अभावाचा नव्हता, हें आम्हां सर्वांस कळून चुकलें. घरांत गाडी चालवितां येणारीं चार माणसें होतीं. प्रत्येकास वाटलें, दुसरा पाहत असेल. एकत्र कुटुंबांत देवपूजा कोणाची, दूध कोणी आणावयाचें, विहिरीचा पंप कोणी बंद करावयाचा, हें ठरलेलें असतें. म्हणून तीं कामें होतात. नवी वस्तु घरांत येते, पण तिची पाळी कोणी लावीत नाहीं. शेजाऱ्यांचा टेंपो जुना, गंजका. पण तो रोज चालतो आणि त्याची जबाबदारी एका माणसाची आहे.

वहिनी चार दिवसांनीं घरीं आल्या. त्यांच्यासमक्ष आम्हीं जें ठरविलें तें वाचकांच्या उपयोगासाठीं लिहितों. दर रविवारीं गाडी बाहेर काढावयाची आणि अर्धा-पाऊण तास चालवावयाची. नुसती चावी फिरवून दिवे लावणें म्हणजे भरणें नव्हे, तें उलट उतरविणें आहे. चालविणाऱ्यानें दिनदर्शिकेवर त्या तारखेखालीं आपलें नांव लिहावयाचें. आठ दिवसांहून अधिक कोणी घरीं नसेल तर १२ व्होल्टचा चार्जर लावावयाचा. जंप स्टार्टर देवघराच्या कोनाड्यांत, आणि तो भरण्याचा दिवस दर दुसऱ्या संकष्टीचा. कारण देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं आमच्याच तारापुरास सुरू झालें असलें, तरी वादळी रात्रीं आमच्या आळींतील दिवे जावयाचे ते जातातच; त्या वेळीं भिंतीवरचा चार्जर काय कामाचा? मागच्या बैठकीजवळ मोठ्या बॅटरीस हवा घेण्याची जाळी असते, तिच्यावर नारळांचीं पोतीं किंवा गाद्या टाकावयाच्या नाहींत. उंदीर तारा कुरतडतात, म्हणून ताडपत्री आठवड्यास उचलून पाहावयाची. आणि नारिंगी तारेस, कोणी कितीही शिकलेला असो, घरच्या माणसानें हात लावावयाचा नाहीं.

टेंपोवाल्या शेजाऱ्यांनीं डिझेलचे पैसे घेतले नाहींत. बंधूंनीं आग्रह केला तेव्हां म्हणाले, "दादा, शेजारधर्माचें भाडें होतें होय?" वहिनींनीं वाडींतील नारळ पाठविले, ते मात्र त्यांनीं ठेवून घेतले.

गेल्या रविवारीं मी दिनदर्शिका पाहिली, तों तारखेखालीं वहिनींच्या अक्षरांत त्यांचें नांव. मी म्हटलें, "वहिनी, तुम्हांला तर गाडी चालवितां येत नाहीं!" त्या म्हणाल्या, "भाऊजी, चालविली सूनबाईनें. पण चला म्हणून उठविली कोणी?"

पंचांगाचा विषय पुढील अंकीं.